गाठ जुनी की नवी

आईच्या छातीतली गाठ जुनी की नवी, यावरून घरात सरळ दोन तट पडले, आणि गंमत अशी की जिच्या छातीत ती होती तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती आतल्या खोलीत दुपारची पडली होती.

भांडणं या घराला नवी नाहीत. वाटणीच्या वेळची आहेत, आत्या कायमची माहेरी आली तेव्हाची आहेत, ती सगळी आता जुनी झाली. पण तेव्हा ज्याला त्याला आपापलं काहीतरी हवं असायचं. या वेळी सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, आई बरी व्हायला हवी होती, आणि तरी जो तो दुसऱ्याच्या अंगावर धावून जात होता. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

रविवार होता. खाली चष्म्याचं दुकान बंद होतं आणि वर जेवणाचं टेबल तसंच खरकटं पडलं होतं. सकाळी लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता, तोही धाकटीला, कारण नमुना पोचवायला धाकटी गेली होती आणि आपलाच नंबर देऊन आली होती. दादाला पहिला राग याचाच. थोरला मुलगा तो, दुकान चालवतो तो, दवाखान्याच्या खेपा घालतो तो, आणि बातमी येते ती शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बहिणीकडे.

बातमी अशी होती. सहा वर्षांपूर्वी आईला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता. पोट उघडून सगळं काढलं, केमो झाली, केस गेले आणि परत आले ते चक्क कुरळे आले. मग सगळं सुरळीत झालं. गेल्या महिन्यात आंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या छातीत गाठ लागली. सुईनं तुकडा काढून तपासला, तर त्यातही कॅन्सर. सर्जन म्हणाले, हा नवा आहे, छातीचा स्वतःचा, पहिल्याशी याचा काही संबंध नाही. एकाच बाईला दोन होतात कधी कधी. गाठ लहान आहे, मंगळवारी छाती काढू, काखेतल्या गाठी काढू, की मोकळे. त्या 'मोकळे'वर दादा इतके दिवस तग धरून होता.

डॉक्टरीणबाईंचं मत वेगळं पडलं. तुकडा छातीतला होता खरा, पण त्यातल्या पेशींची ठेवण त्यांना छातीची वाटत नव्हती. पोटातलाच जुना आजार छातीत येऊन बसला असावा, अशी त्यांना शंका होती. असं फार क्वचित होतं, म्हणून तर नुसत्या शंकेवर त्या काही लिहून देणार नव्हत्या. त्यांनी वेगवेगळे रंग टाकून पाहिले होते, पण उत्तर अर्धवट आलं आणि तेवढ्यात तो एवढासा तुकडा संपला. पहिल्या ऑपरेशनच्या काचपट्ट्या, आणि त्या वेळी काढलेल्या मांसाचा तुकडा मेणात बसवून ठेवतात ती मेणाची वडी, एवढं मिळालं तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्या काय ते पक्कं सांगणार होत्या. आजार जुनाच निघाला तर छाती कापून काही साधणार नव्हतं. मग औषध सगळ्या अंगाला द्यायला हवं, आणि जखम भरायची वाट बघत ते औषध लांबवण्यात उलट नुकसान होतं.

धाकटीचं म्हणणं, परवाचं ऑपरेशन थांबवा. दादाचं म्हणणं, एकीला शंका आहे आणि एकाला खात्री आहे, शहाण्या माणसानं कुणाचं ऐकावं? मनातलं मात्र तो बोलत नव्हता, आणि ते अगदी सरळ होतं. नवा म्हणजे जुना संपला. नवा म्हणजे लहान, कापला की गेला. आणि जुना म्हणजे इतकी वर्षं तो आत कुठेतरी दबा धरून बसला होता, आणि आज छातीत निघाला तर उद्या आणखी कुठे निघेल, देव जाणे. एका कॅन्सरपेक्षा दोन बरे, असं म्हणायची पाळी माणसावर यावी, ती बिचाऱ्यावर आली होती.

आत्या दादाच्या बाजूला. सूनबाई, म्हणजे दादाची बायको, ताटं गोळा करता करता मान हलवत होती तीही नवऱ्याच्याच बाजूनं. अण्णा, म्हणजे दादा-धाकटीचे वडील, खिडकीशी बसून आपला चष्मा पुसत होते, आणि ते कुठल्या बाजूला आहेत हे विचारायच्या भानगडीत या घरात कुणी पडत नाही. धाकटी एकटी पडली. एकटी पडली की तिचा आवाज चढतो, आणि तिचा चढला की आत्याचा त्याच्या वर.

"काढून टाका म्हणते मी," आत्या म्हणाली. "या वयात करायचीय काय ती ठेवून?"

"एवढी नकोशी झाली असेल तर आधी तुझी काढ," दारातून आई म्हणाली.

ती कधीची उभी होती कुणास ठाऊक. सूनबाईला हसू आवरेना, ती ताटं घेऊन आत पळाली. आई येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली, चहा टाक म्हणून सुनेला हाक दिली आणि धाकटीला म्हणाली की आता पहिल्यापासून सांग, आणि मला झेपेल तेवढंच सांगायचा शहाणपणा करू नकोस.

धाकटीनं सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं की आई घाबरत नाहीये, आई विचारात पडलीये. चाळीसेक वर्षं आईनं दुकानात एकच काम केलं होतं. गिऱ्हाइकाच्या हातात पडायच्या आधी प्रत्येक भिंग तिच्या हाताखालून जायचं. ती ते उजेडाकडे धरायची, फिरवायची आणि कुठे बुडबुडा आहे, कुठे ओरखडा आहे ते बघायची. आता ती तशीच बघत होती, फक्त हातात काही नव्हतं. पोटातून तो वर गेला कसा, तिनं विचारलं. रक्तातून, की दुसरा कुठला रस्ता असतो? मध्ये एवढं यकृत आहे, फुप्फुसं आहेत, ती सगळी सोडून याला छातीतच जागा बरी सापडली? आणि डावीच का? धाकटीला यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. वर्गात असा एखादा विद्यार्थी असता तर तिनं त्याला खाली बसवलं असतं.

दादाला हे बघवेना. हा काय कौतुकाचा विषय आहे का, तो म्हणाला. सर्जनसारखा सर्जन सांगतोय, तारीख मिळालीये, आणि आपण इथे रस्ते शोधत बसलोय. जे काही असेल ते काढून टाकू, मग करा काय तो अभ्यास.

आईनं कप खाली ठेवला. "मला कापणार आहेत," ती म्हणाली. "छाती जायची तर जाऊ दे, मी रडत बसणार नाही. पण फुकट जायला नको. जुना आहे का नवा, ते मला कळू दे, मग काय करायचं ते करा."

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली की तसं वहिनीचं चुकत नाहीये. दादानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बघत राहावं. भाचरांपैकी तिनं आयुष्यभर पाठीशी घातलं ते यालाच.

आता प्रश्न उरला त्या पट्ट्या कुठे आहेत याचा. पहिलं ऑपरेशन झालं तो दवाखाना लहान होता. तिथले डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद करताना त्यांनी पेशंटना बोलावून ज्याचं त्याला देऊन टाकलं. दादा जाऊन डबी घेऊन आला होता. पण जिथे माणसं जेवतात आणि झोपतात तिथे असली वस्तू त्याला नको होती. म्हणून ती त्यानं खाली दुकानामागच्या कारखान्यात, भिंग घासायच्या जुन्या चाकाखालच्या खणात टाकली होती. कारखाना म्हणजे खोलीच, पण अण्णा तिला पहिल्यापासून कारखाना म्हणत आले. आता भिंगं तयार येतात, चाक बंद आहे, तरी अण्णा रोज जाऊन तिथे बसतात.

"त्या पट्ट्या मी धुतल्या," अण्णा म्हणाले.

सगळ्यांनी मान वळवली. अण्णांना वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी परत सांगितलं, आणि यात सांगण्यासारखं काय आहे तेच त्यांना कळेना. खण उघडला होता सुई-दोरा शोधायला. डबीत काचा निघाल्या. काचेवर गुलाबी-जांभळे डाग, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर हिचं नाव. काय आहे ते त्यांना तेव्हाच कळलं होतं, ते काही खुळे नव्हते. दुसरा कुणी असता तर त्यानं डबी झाकून ठेवली असती किंवा कचऱ्यात टाकली असती. अण्णांनी पट्ट्या थिनरमध्ये भिजत घातल्या. चिठ्ठ्या सुटल्या, वरची पातळ काच सुटली. मग पॉलिशची पूड घेऊन एकेक पट्टी घासली, आणि डागाचा मागमूस राहिला नाही तेव्हाच हात थांबवला.

"तिच्या नावाची घाण काचेवर होती," ते म्हणाले. "मी ती पुसून टाकली. सहा वर्षं बरी होती की नाही ती?"

पट्ट्या धुतल्या त्या रात्री त्यांना ऑपरेशननंतर पहिल्यांदा शांत झोप लागली होती, पण हे त्यांनी सांगितलं नाही. काच आयुष्यभर त्यांच्या ऐकण्यातली होती. बायकोच्या पोटातलं त्यांना काही करता येत नव्हतं, काचेवरचं येत होतं, ते त्यांनी केलं. धाकटीनं हळूच विचारलं की त्या पट्ट्या आता कुठे आहेत. अण्णा म्हणाले, असतील की खालीच, चांगल्या काचा कुणी फेकतं का. मग दादाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फ्रेमच्या दांड्या चिकटवायला तो रोज ज्या काचेच्या दोन पट्ट्यांवर गोंद कालवायचा, त्याच या. आपण इतकी वर्षं आईच्या कॅन्सरवर गोंद कालवतोय, हे कळून तो आपली बोटं पँटला पुसायला लागला.

आई हसायला लागली. खांदे हलेपर्यंत हसली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि किती पाणी हसण्याचं आणि किती दुसरं, ते कुणाला सांगता आलं नसतं. तिनं अण्णांचा गुडघा थोपटला आणि विचारलं, "आणि मेण?"

मेण अण्णांना आठवत होतं. पांढरं, प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेलं. पूर्वी भिंग घासताना ते मेणानं लाकडी मुठीवर चिकटवायचे, म्हणून त्यांनी हे मेणही करून पाहिलं होतं. अगदीच मऊ, भिंग धरेना. दिलं टाकून मेणाच्या डब्यात, किंवा वितळवलं असेल दुसऱ्यात, कोण लक्षात ठेवतंय.

दादा उठला. मी बघतो, म्हणाला. धाकटीही उठली, तिला भावाचं उठणं काही सरळ वाटलं नाही. पण आईनं तिच्या हाताला धरून खाली बसवलं, म्हणाली त्यालाच जाऊ दे, त्याला खण माहीत आहेत.

डबा वरच्या फळीवर होता. आत काळ्या मेणाचे खडे, तळाला धूळ, आणि त्या सगळ्यात एक पांढरी वडी, आगपेटीहून लहान. दादानं ती खिडकीशी नेली. वर चंद्रकोरीसारखा दाब उमटला होता, अण्णांनी भिंग लावून पाहिलं होतं त्याचा. पण दाब एका कडेला होता. मधे मेणाच्या आत फिकट पिवळसर काहीतरी दिसत होतं, नखाएवढं. एवढंसं ते आईच्या पोटात होतं.

त्यानं वडी पँटच्या खिशात टाकली.

कुणाला कळणार नव्हतं. अण्णांनी स्वतःच म्हटलं होतं, वितळवलं असेल. वर जायचं, नाही सापडलं म्हणायचं, धाकटी आदळआपट करील आणि गप्प बसेल. परवा ऑपरेशन. सर्जन बाहेर येतील, सगळं निघालं म्हणतील. आई घरी येईल, आणि काही महिने, कदाचित वर्षभर, घरात सगळे सुखानं राहतील. खोटं कुठे होतं यात? खात्री तर सर्जनलाच होती. खिशात मांडीच्या उबेनं मेण पाघळेल की काय, असं वाटून त्यानं वडी पुन्हा हातात घेतली, आणि तेवढ्यात दारात सूनबाई.

तिनं वडी पाहिली, त्याचा चेहरा पाहिला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आणखी काही पाहावं लागत नाही.

"सांगू नका वर, तुमची इच्छा," ती म्हणाली. "मीही सांगणार नाही. पण ऑपरेशननंतर आईंची आंघोळ माझ्याकडे आहे, पट्टी माझ्याकडे आहे. मी रोज ती कापलेली जागा पुसणार, आणि रोज मला माहीत असणार की ती कदाचित उगाच कापलीये. ते मला नाही जमणार. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही पुसा."

दादा म्हणाला की जुना निघाला तर आई जगणार नाही. ती म्हणाली, जुना असेल तर तो तुमच्या खिशात राहून नवा होणार आहे का? आणि ती वर निघून गेली, त्याच्यासाठी थांबलीसुद्धा नाही.

तो आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. वडी त्यानं आईच्या हातावर ठेवली. आईनं ती खिडकीकडे धरली, फिरवली, अण्णांनी पाडलेल्या खाचेवरून बोट फिरवलं. सर्जनला फोन दादानंच केला. ऑपरेशन पुढे ढकलायचंय एवढंच तो दोन-तीनदा म्हणाला, का ते त्याला धड सांगता येईना. शेवटी आत्यानं त्याच्या हातातून फोन घेतला आणि सर्जनला असं काही सुनावलं की समोरून फक्त हो हो ऐकू येत होतं.

लॅबमधून बोलावणं आलं तेव्हा आईनं एक अट घातली. मला ते बघायचंय, म्हणाली. डॉक्टरीणबाईंना आजवर कुठल्या पेशंटनं असं विचारलं नव्हतं. तरी त्या 'या' म्हणाल्या. दादाला बरोबर जायचं नव्हतं, पण गाडी त्याची.

खोली लहान होती, पडदा ओढलेला, टेबलावर दोघांना एकाच वेळी बघता येईल असा सूक्ष्मदर्शक. डॉक्टरीणबाईंनी आधी सांगून टाकलं, आडपडदा ठेवला नाही. जुन्या वडीतून नव्या पट्ट्या काढल्या, तेच रंग टाकले. दोन्हीकडे एकच आजार. छातीतला छातीचा नाही, तो अंडाशयाचा आहे. छाती काढायचं कारण नाही. औषधाचे डॉक्टर पुढचं सांगतील, पण हा पुरता बरा होईल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आटोक्यात ठेवता येईल. किती दिवस, ते औषध कसं लागू पडतं त्यावर.

आईनं हं म्हटलं आणि डोळे भिंगांना लावले. जांभळे ठिपके म्हणजे आजार का, तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, नाही, ते तुमचे लढणारे शिपाई, आजार म्हणजे ती पानापानांची नक्षी. आईनं पुन्हा पाहिलं. मग ही पोटातली की छातीतली? छातीतली. आणि ही? ही पोटातली. जरा परत पहिली लावा. बाईंनी लावली. मग तिनं तोच प्रश्न केला जो धाकटीला केला होता, हा इथवर आला कसा. बाई म्हणाल्या की रक्तातून किंवा लसिकेतून, म्हणजे अंगात रक्तासारखाच फिरणारा पातळ रस असतो त्यातून, पण याच्या बाबतीत नक्की कुठून ते मलाही सांगता येणार नाही. आईला या उत्तरानं बरं वाटलं. निदान या बाई माहीत नाही ते माहीत नाही म्हणत होत्या.

दादा भिंतीला टेकून उभा होता. वडी खिशातच ठेवली असती तर आज आई घरी पट्टी बांधून पडली असती, दुखत असतं तिला, आणि आपण सगळे खूश असतो, असं त्याच्या मनात येत होतं. इतकं रडू त्याला लहानपणीसुद्धा आलं नव्हतं.

"ये, बघ," आई म्हणाली.

तो नको म्हणाला. तिनं पुन्हा बोलावलं नाही, नुसती खुर्ची थोडी सरकवली. मग तो आला, डोळे पुसले आणि वाकला. आधी काहीच दिसेना, सगळं धूसर. बाईंनी एक चकती जराशी फिरवली आणि ते एकदम समोर आलं, गुलाबी पडद्यावर जांभळ्या फांद्या, फांद्यांना बारीक बारीक पानं, पानांच्या कडेनं ठिपके, शेवटच नाही त्याला.

"काय सुरेख दिसतंय गं," तो म्हणून गेला, आणि लगेच जीभ चावली.

"मग," आई म्हणाली. "माझंच आहे ते."